सौनाच्या फळीवरचा डाग

मर्ना राउतिओला किळस फार लवकर येते. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, कारण गावातली निम्मी माणसं तिने चालवलेल्या बसमधून शाळेत गेलेली आहेत. सीटखाली कुणी च्युइंगम चिकटवलं की आरशात न बघता तिला कळायचं. ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास, कुणाच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्याचा वास, मागच्या बाकावर कुणाची तरी उलटी. आधी तिचं नाक आक्रसायचं, मग वरचा ओठ एका बाजूने उचलला जायचा, आणि मग ती अगदी हळू "शी" म्हणायची. ती ओरडली असती तर परवडलं असतं. त्या हळू "शी"ने मोठमोठे मुलगे खाली वाकून नखांनी च्युइंगम खरवडत बसायचे.

निवृत्त झाल्यावर तिच्या किळसेला बस उरली नाही, तेव्हा ती सगळीकडे पसरली. जानेवारीत दुकानात मिळणारे पांढुरके टोमॅटो. चर्चच्या तळघरातली, तासन् तास उकळत ठेवलेली कॉफी. नवऱ्याच्या कोटाच्या बाहीला येणारा सिगारेटचा वास. आणि या सगळ्यांच्या वर, शनिवार-रविवारी दक्षिणेकडच्या शहरांतून येणारे स्नोमोबाइलवाले.

मर्नाचं घर सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. बर्फ सरकवणारा ट्रक पोस्टाच्या पेट्यांच्या रांगेपर्यंत येतो आणि तिथूनच वळतो. पुढचे चार मैल डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत फक्त स्नोमोबाइलचे, म्हणजे बर्फावरून पट्ट्यावर धावणाऱ्या गाडीचे. मोटार पेट्यांपाशी ताडपत्रीखाली झाकून ठेवायची, हेल्मेट घालायचं, आणि देवदारांमधून घरी जायचं. ही वाट पूर्वी सपाट असायची. आता शहरवाले आपल्या भारी गाड्या मागून जोर देऊन उडवत नेतात, आणि रविवारी संध्याकाळी ते परत जातात तेव्हा वाट अशी झालेली असते की जणू ओळीने गाई बसल्या आहेत आणि त्यांच्यावरून बर्फाची चादर टाकली आहे. पेट्यांपाशी बिअरचे डबे. पेट्यांच्या मागे पिवळा बर्फ.

"घरी संडास नाहीत का रे यांच्या?" मर्ना एकदा चर्चमध्ये, प्रार्थना संपल्या संपल्या म्हणाली होती. पाद्र्याने हसू दाबलं. मर्नाने नाही दाबलं, कारण ती हसत नव्हतीच.

तिचा नवरा वेन गेल्या वसंतात गेला. हॉस्पिटलात त्याने तिला थोड्याच गोष्टी सांगून ठेवल्या: ऑक्टोबरात पाण्याचा पाइप मोकळा कर, धुराडं साफ करून घे, आणि स्नोमोबाइलच्या मागच्या शॉकअपात हवा एकशे वीस ठेव. ती मानेनेच हो म्हणाली. तिला तेव्हा त्याच्या उशीवरचा पिवळा डाग दिसत होता आणि नर्सने अभ्रा का बदलला नाही याचा राग येत होता. शेवटच्या दिवसांतलं बाकी फारसं तिच्या लक्षात नाही. एकशे वीस मात्र राहिलं.

वेनची गाडी नवी होती. तिच्या मागच्या पट्ट्याच्या आत धक्के झेलणारा जो शॉकअप आहे त्याला स्प्रिंग नाही. दाबून भरलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. हवा पुरेशी असली की खड्ड्यातून गाडी बोटीसारखी जाते. कमी झाली की सीट बुडतं, शॉकअप तळाला जाऊन आदळतो, आणि तो धक्का थेट बसणाऱ्याच्या माकडहाडात शिरतो. मर्नाच्या पाठीचा एक मणका आधीच चिरलेला होता. बसच्या बर्फाळलेल्या पायरीवरून ती घसरली होती, त्याची आठवण. डॉक्टरने सांगितलं होतं की दुसरी काळजी नको, फक्त धक्के बसू देऊ नका.

आणि त्या हिवाळ्यात तिला धक्क्यांशिवाय काही मिळत नव्हतं.

वेनची थोरली बहीण आर्डिस गावात, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत राहायची. टोकावरचं घर तिचं माहेर. आजोबांनी बांधलेलं, झाडं तोडून, ओंडके रचून. घराच्या आधी त्यांनी वाफेच्या अंघोळीचा लाकडी सौना बांधला, कारण आमच्या लोकांत तसंच करायचे. आर्डिसचे वडील त्या सौनातच जन्मले, आणि आजी गेली तेव्हा तिला शेवटचं न्हाऊ तिथेच घातलं. आर्डिसला हे सगळं बोलून दाखवायची गरज पडत नसे. ती सौनाचं दार उघडायची तीच मुळी बूट आवाज न करता काढून.

नाताळनंतर तिने मर्नाला शब्द द्यायला लावला. "फेब्रुवारी संपेपर्यंत बघ. तोवर पाठ अशीच राहिली तर माझ्या शेजारची खोली घ्यायची. ती रिकामी आहे, मी बोलून ठेवलंय."

"तुमच्या त्या इमारतीत कोबीचा वास येतो," मर्ना म्हणाली.

"मग कोबी खा, म्हणजे वास यायचा नाही."

पण मर्नाने शब्द दिला. उन्हाळ्यात तिने ती खोली पाहिली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी गालिचा, दुसऱ्या कुणाच्या तरी पायांनी दबलेला. ती त्या गालिच्यावर उभी राहिली तेव्हा बुटांतून तळपायाला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटलं. तिथे मरेपर्यंत राहायचं. फेब्रुवारी संपायला आला होता.

तिने शॉकअपवर जमेल ते सगळं करून पाहिलं होतं. गाडीचा मागचा भाग ठोकळ्यावर उचलून, पट्ट्याच्या आत डोकं घालून, बोल्ट काढून तो बाहेर घेतला होता. आत काय काय निघायचं! घट्ट झालेला बर्फ, हरणाचे केस, एकदा तर उंदराच्या घरट्याचा अर्धा गोळा, त्यात वाळलेलं काहीतरी, जे तिने नीट न बघता चिमट्याने दूर फेकलं. शॉकअप एवढासा, दंडाएवढा लांब. पण व्हॉल्व्हवर बर्फाचा असा गड्डा की पंपाची नळी बसेना. बाहेर बोटं चालत नाहीत. लाकडांच्या शेडमध्ये शेगडी नाही. घरात ती तेलकट वस्तू आणणं तिला जमणार नव्हतं. आपल्या गालिच्यावर, आपल्या सिंकमध्ये, छे.

उरला सौना.

पहिल्यांदा तिने वर्तमानपत्रं पसरली, त्यावर जुना टॉवेल, त्यावर शॉकअप. दाराबाहेर कुणी नाही हे माहीत असूनही तिने एकदा मागे बघितलं. मग ते नेहमीचं होऊन बसलं. शनिवारी सौना तापवायची, शॉकअप वरच्या फळीपाशी खिळ्याला अडकवायची, बर्फ वितळू द्यायचा, व्हॉल्व्ह पुसून छोटा पंप लावायचा, काटा बघायचा, हवा एकशे वीस करायची. मग स्वतः अंघोळ. रविवारी सकाळी शॉकअप जागेवर बसवून ती चर्चला निघायची आणि पहिल्याच उंचवट्याला, धाड.

साबणाचं पाणी लावून झालं. जिथून हवा गळते तिथे बुडबुडा येतो. बुडबुडा आला नाही. व्हॉल्व्हच्या आतली पिन घट्ट करून झाली. पंपाची नळी काढताना जी फुस्स होते ती शॉकअपातून होते की नळीतून, यावरही तिने एक अख्खा शनिवार घालवला. ती नळीतून होते. गावातल्या गॅरेजवाल्याकडे नेला, तर त्याने उबदार गॅरेजात, एका हातात सँडविच धरून, दुसऱ्या हाताने पंप लावून हवा एकशे वीस केली आणि काटा बघत राहिला. सँडविच धरलेल्या हाताची नखंही काळी होती.

"कुठे गळत नाहीये, मर्ना. एकशे वीसला एकशे वीस आहे."

"मग मी आदळते ती काय हौसेने?"

त्याने आतली रबरी सीलं बदलून दिली. शनिवारी तिने सौनात हवा भरली, रविवारी पुन्हा धाड. ती संतापून शॉकअप पुन्हा सौनात घेऊन आली, तापलेल्या खोलीत पंप लावला, आणि काटा जवळजवळ एकशे विसावर उभा. डॉक्टर दारात आला की ताप उतरणाऱ्या पोरासारखा. मर्नाला त्या वस्तूचीच किळस यायला लागली. खोटारडी वस्तू.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आर्डिस राहायला आली. सोबत दोन रिकामे खोके होते, चपटे करून बगलेत धरलेले. मर्नाने पेट्यांपाशी ते पाहिले आणि विचारलं नाही. आर्डिस मागे बसली. देवदारांमधून जाताना, वळणावरच्या त्या मोठ्या उंचवट्यावर गाडी मागून बुडाली आणि दोघींच्या हेल्मेटांची एकमेकांवर टक्कर झाली.

"मेले!" आर्डिस ओरडली.

"मेली असतीस तर ओरडली नसतीस."

"ही गाडी आहे की सूड?"

"तुझ्या भावाची आहे. त्याला विचार."

"तो बरा सुटला," आर्डिस म्हणाली.

घरी आल्यावर आर्डिसने कमरेवर हात ठेवून आपलं दुखणं तपासलं आणि मर्नाकडे पाहिलं. मर्ना एका हाताने खांबाला धरून वाकलेली होती. "तू रोज हे करतेस?"

"रोज नाही."

"उद्या चर्चनंतर आपण ती खोली बघायला जातोय. शब्द दिलायस." आर्डिसने खोके भिंतीला टेकवून उभे केले.

"उद्याचा दिवस फेब्रुवारीतलाच आहे."

"शेवटचा आहे."

आर्डिस वेलदोड्याचा पाव कापत बसली तेवढ्यात मर्ना बाहेर गेली. तिने शॉकअप काढला. सौना तापत आला होता. तिने शॉकअप खिळ्याला अडकवला, बर्फ वितळल्यावर पंप लावला, काटा एकशे विसावर आणला, आणि तो अंघोळीत अंगावर मारायच्या भूर्जाच्या डहाळ्यांच्या जुडीमागे सरकवून ठेवला. वर्तमानपत्र घालायचं राहिलं.

दोघी आत बसल्या. वरच्या फळीवर, टॉवेल पसरून, पाय वर घेऊन. सौनात बसलेली माणसं फार बोलत नाहीत. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं असतं की तिथे चर्चमध्ये वागावं तसं वागायचं, भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही. आर्डिसने डावाने शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ छताला जाऊन खाली उतरली.

आर्डिसने नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"भूर्जाचा."

"भूर्ज मला माहितीये." तिने आणखी एक डाव पाणी टाकलं. "मासे भाजलेस का इथे?"

"सौनात? मी?"

"तेल," आर्डिस म्हणाली. "मर्ना, हे तेल आहे." ती उठली, डहाळ्यांची जुडी बाजूला केली, आणि तिथे तो लटकत होता. अंगाला लागलेलं वंगण वितळून खालून एक काळसर थेंब सावकाश लांबत होता. खालच्या फळीवर, जिथे आधीचे थेंब पडले होते, बशीएवढा डाग झाला होता.

दगड तेवढे तडतडत होते.

"माझे वडील या फळीवर जन्मले," आर्डिस म्हणाली.

"मला माहितीये."

"आजीला इथे न्हाऊ घातलं. मी पाणी दिलं होतं हातात, मी."

"आर्डिस, बाहेर व्हॉल्व्हवर बर्फ असतो..."

"आणि तू! तू, जी माझ्या कपाची कड रुमालाने पुसून कॉफी पितेस! नाताळात माझ्या घरी आलीस तेव्हा सोफ्यावर बसायच्या आधी हात फिरवून बघितलंस, मला दिसत नाही वाटतं? आणि आमच्या सौनात ही घाण लटकवून ठेवतेस?"

"आमच्या" या शब्दावर मर्नाचा ओठ उचलला गेला. पण "शी" तिच्या आधी आर्डिस म्हणाली. तिने आपला टॉवेल हातावर गुंडाळला, शॉकअप दोन बोटांनी, मेलेला उंदीर धरावा तसा धरला, कपडे बदलायच्या खोलीतून तशीच गेली, बाहेरचं दार उघडलं, आणि अंगावर एक चिंधीही नसताना, वयाच्या सत्तरीत, भर थंडीत उभी राहून तो लांब बर्फात भिरकावला. मग दार लावून आत आली, पुन्हा वरच्या फळीवर बसली, आणि दगडांवर पाणी टाकलं.

"आता अंघोळ पुरी करूया," ती म्हणाली. "चर्चसारखी."

त्यांनी ती पुरी केली. आर्डिसने मर्नाच्या पाठीला साबण लावला, जिथे मणका चिरला होता तिथे हात हलका करून.

मग मर्ना झगा घालून, जाड नमद्याचे बूट चढवून, पंप घेऊन बाहेर गेली. आकाश निवळलं होतं आणि थंडी वाढत होती. बर्फात भोक पडलं होतं तिथून तिने शॉकअप उपसून काढला. तो आता इतका गार होता की ओल्या बोटांना चिकटला. फुटला असेल, ही पहिली गोष्ट तिच्या मनात आली. आणि जरा समाधानही वाटलं, की चला, आता निदान दोष दुसऱ्या कुणाचा.

तिने पंप लावला. काटा ऐंशीच्या थोडा वर येऊन थांबला.

"फोडलास," ती दाराकडे बघून ओरडली. "आर्डिस, फोडलास तू!"

आर्डिस अंगाला ब्लँकेट गुंडाळून दारात आली. "फुटला तर बरंच झालं."

मर्नाने साबणाच्या पाण्याची बादली मागवली. आर्डिसने ती दाराबाहेर सरकवली, पाऊल बाहेर न टाकता. मर्नाने सांध्यासांध्याला फेस चोपडला. बुडबुडा कुठेच नाही. फेस तिच्या डोळ्यांदेखत गोठून पांढरा कागद झाला. हवा कुठूनही जात नव्हती. तरी चाळीसच्या आसपास कमी झाली होती, एका अंघोळीच्या वेळात.

ती लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसली. झग्याखालून थंडी वर येत होती. पंपाची नळी अजून लागलेलीच होती. ती काट्याकडे बघत राहिली, आणि आर्डिस तिच्याकडे.

"मला तो एकदा आत न्यायचाय," मर्ना म्हणाली.

"माझ्या प्रेतावरून."

"गुंडाळून नेईन. फळीला लावणार नाही. पंप काढत नाही, हवा भरत नाही, काही करत नाही. तू बघ फक्त."

तिच्या आवाजात असं काही होतं की आर्डिस बाजूला झाली. पण पहाऱ्याला उभी राहिली. मर्ना तापलेल्या खोलीच्या मधोमध उभी, हातात टॉवेलमध्ये तान्ह्या पोरासारखा धरलेला शॉकअप, आणि आर्डिस उंबऱ्यावरून: "भिंतीला नको. दगडांजवळ नको. ठिबकतोय बघ, हात खाली धर!" मर्नाने हाताची ओंजळ खाली धरली. थेंब तिच्या तळव्यावर पडला. तिने तो पुसला नाही.

काटा हलला. आधी वाटलं भास झाला. मग नव्वद. मग शंभर. कुणी पंपाला हात लावला नव्हता.

"अगं, चढतोय कसा हा?" आर्डिसने चष्मा शोधला, तो वाफेने आंधळा झाला होता, तो तिने ब्लँकेटला पुसला. "तू काही करत नाहीयेस ना?"

"मी इतके महिने काहीच केलेलं नाही," मर्ना म्हणाली. "गरम हवा फुगते. गार हवा आकसते. मी गरम हवा मोजत होते आणि गार हवेवर बसत होते."

"एवढंच?"

"एवढंच."

आणि मग तिच्या चेहऱ्यावर ती किळस आली, जी आम्ही सगळ्यांनी बसच्या आरशात पाहिली होती. फक्त या वेळी ती समोर कुणावर नव्हती. "बसची चाकं," ती म्हणाली. "पहिली थंडी पडली की पहाटे अंगणात जाऊन सगळी चाकं बघायचे मी. रात्रीत हवा उतरायची. दर वर्षी. हे मला माहीत होतं, आर्डिस! लहान पोराला माहीत असतं. शी. शी! गॅरेजवाल्याला काय काय बोलले मी. त्याच्या नखांवरून."

"नखं त्याची घाणच आहेत."

"ते वेगळं."

थोड्या वेळाने तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती मात्र तिने लगेच सांगितली नाही. वेन कडाक्याच्या थंडीच्या सकाळी, नाश्त्याच्या आधी, लाकडांच्या शेडमध्ये जायचा. परत यायचा तेव्हा नाक लाल, बाहीला सिगारेटचा वास. ती त्याच्या हातातला कोट ओढून दाराबाहेर टांगायची, तोंड फिरवून. सिगारेट तो ओढायचाच, त्यात शंका नाही. पण तो रात्रभर गारठलेल्या गाडीला शेडमध्येच पंपही लावत असणार. एकशे वीस त्याने सांगितलं. कुठे उभं राहून, ते सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, हे काय सांगायचं. किंवा सांगायला लागला असेल आणि ती अभ्र्याकडे बघत असेल.

कॉफी झाली. पाव झाला. खोके भिंतीला टेकून उभे होते.

"म्हणजे तू येणार नाहीस," आर्डिस म्हणाली.

"उद्या गाडी आदळली तर येईन. शब्द शब्द आहे."

"आदळणार नाही. तुझं थोबाड बघूनच कळतंय." आर्डिसने कपाच्या तळाशी बघितलं. "तो कोबीचा वास खरंच येतो. जिन्यात तर फार. आणि पलीकडची बाई टीव्ही इतका मोठा लावते की मला तिच्या मालिका पाठ झाल्यात. मला वाटलं, भिंतीच्या एका बाजूला तरी कुणीतरी असेल, जिच्याशी भांडता येईल."

मर्नाने आर्डिसचा कप उचलला, तिच्यासाठी पुन्हा भरला, आणि कड न पुसता तिच्यापुढे ठेवला.

शॉकअप त्या रात्री शेडमध्ये राहिला. सकाळी मर्नाने मेणबत्तीच्या आचेवर फक्त व्हॉल्व्हपुरता बर्फ सोडवला, पाच मिनिटं थांबली, मग तिथेच, गाडीशेजारी गुडघे टेकून, हवा एकशे वीस केली. बोल्ट बसवताना हातमोजे काढावे लागले. बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली, जे जास्त वाईट. नाकाचं पाणी ओठावर गोठलं. आर्डिस टॉर्च धरून उभी होती आणि दर थोड्या वेळाने म्हणत होती, "तुला शेंबूड आलाय."

"माहितीये."

"नुसती माहिती देते."

दोघी निघाल्या. आदल्या दिवशी शहरवाल्यांनी वाट आणखी उखडली होती. आर्डिसने मर्नाची कंबर घट्ट धरली होती. देवदारांच्या वळणावर तो मोठा उंचवटा आला, आणि मर्नाने वेग कमी केला नाही. गाडी मागून सावकाश खाली गेली. मग ती तितक्याच सावकाश वर आली, आणि पुढच्या उंचवट्यावर चढली.

मर्नाला हेल्मेटच्या आत रडू आलं असेल, असं आर्डिसचं म्हणणं आहे. मर्ना म्हणते, काच धूसर झाली होती, आणि आर्डिसच्या तोंडाला लसणाचा वास येत होता, मागून थेट मानेवर.

त्या दिवशी चर्चनंतर त्या खोली बघायला गेल्या नाहीत. तळघरात, त्या उकळून उकळून काळ्या झालेल्या कॉफीसोबत, आर्डिसने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, अंगावर चिंधी नसतानाचा भाग न वगळता. पाद्री उठून खिडकीकडे गेला. मर्ना शेजारी बसून जिथे जिथे आर्डिस वाढवून सांगत होती तिथे तिथे दुरुस्त करत होती. "बशीएवढा होता, ताटाएवढा नाही." गॅरेजवाला दुसऱ्या टेबलावर होता. मर्ना उठून त्याच्यापाशी गेली, थोडी उभी राहिली, आणि म्हणाली, "गळत नव्हता." त्याने मान हलवली. तिने त्याच्यापुढे पेपर नॅपकिनांचा गठ्ठा सरकवला आणि परत आली.

शहरवाले अजून येतात. बिअरचे डबे अजून पेट्यांपाशी पडतात, आणि मर्ना ते चिमट्याने उचलते, प्रत्येकाला एक "शी" देऊन. शनिवारी ती आर्डिसला घ्यायला गावात जाते. इमारतीच्या दारातच थांबते, जिन्यात जात नाही. आर्डिस चपटे खोके आणत नाही, तिचं रात्रीचं सामान एका पिशवीत असतं.

खालच्या फळीवरचा डाग गेला नाही. मर्नाने राखेच्या साबणाने घासलं, वाळूने घासलं, रंध्याने एक पापुद्रा काढून बघितला. तेल लाकडात खोल उतरलंय. सौना तापला की तो गडद होतो. आर्डिस दर शनिवारी वरच्या फळीवर चढताना त्याच्याकडे बघते, आपला टॉवेल मुद्दाम दुसऱ्या टोकाला पसरते आणि म्हणते, "दिसतोय मला तो."

"डोळे मीट," मर्ना म्हणते आणि दगडांवर पाणी टाकते.